‘मॅडम, आवाज वाढवा’: खरी इंग्रजी कानात शिरत का नाही?

मे महिना, संध्याकाळचे साडेसहा, नागपूरच्या नंदनवन भागातली, मी इंग्रजी शिकवते ती वरची खोली. अठरा जण दाटीवाटीनं बसलेले आणि टेबलावरच्या स्पीकरवर एक मुलाखत सुरू. बारा मिनिटांची. लंडनचा कोणी पत्रकार, समोर कोणी डॉक्टर. फळ्यावर मी दहा प्रश्न लिहून ठेवले होते. दोन मिनिटं झाली असतील नसतील, मागून आवाज आला, “मॅडम, जरा आवाज वाढवा ना.” वाढवला. मग म्हणाले, कूलर बंद करा. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तोही केला. घाम पुसत पुसत बारा मिनिटं सगळ्यांनी ऐकलं. दहा प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं आली, त्यातलं एक अंदाजपंचे.

मग मी त्याच मुलाखतीचा छापील मजकूर वाटला. पाच मिनिटांत खोलीतला सूर बदलला. “हेच बोलून राहिला होता का तो?” ऑटो पार्ट्सच्या दुकानात काम करणारा एक मुलगा कागदाकडे पाहत म्हणाला. त्याला त्या पानावरचे चार-पाच शब्द सोडले तर सगळे येत होते. वाचताना येत होते. ऐकताना तेच शब्द त्याच्यासमोरून गेले आणि त्यानं एकालाही ओळखलं नाही.

त्या दिवशीची चूक माझी होती, आणि ती बऱ्याच वर्गांत होते म्हणून हा लेख.

आधी ‘खरं’ म्हणजे काय ते सांगते. इंग्रजी शिकवणारे ज्याला ऑथेंटिक मटेरियल म्हणतात ते म्हणजे शिकवण्यासाठी न बनवलेलं बोलणं. पाठ्यपुस्तकासोबत येणाऱ्या ध्वनिफितीत दोन जण स्टुडिओत बसून, एकमेकांचं पूर्ण होऊ देऊन, एकही शब्द न खाता बोलतात. खऱ्या आयुष्यात तसं कोणी बोलत नाही. सामन्याचं समालोचन, पॉडकास्ट, ऑफिसातल्या साहेबानं पाठवलेला व्हॉइस नोट, मेट्रोतली घोषणा, कस्टमर केअरचा फोन, हे सगळं कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं म्हणून बोललं गेलं. विद्यार्थ्याला शिकवायचं म्हणून नाही. फरक एवढाच. पण तेवढ्यानंच सगळं बदलतं.

का बदलतं, हे आपल्याच मराठीतून पाहिलं तर पटकन कळतं. आमच्या शेजारी हैदराबादहून बदलून आलेलं एक तेलुगू कुटुंब राहतं. काकांनी पुस्तक आणून रीतसर मराठी शिकली. पुस्तकात होतं, ‘तुम्ही काय करत आहात?’ पहिल्याच आठवड्यात बर्डीच्या बाजारात गेले तर दुकानदारानं विचारलं, “काय पाहून राह्यले काका? पायजे का?” काका गप्प. ‘पाहणे’ त्यांना येत होतं, ‘पाहिजे’ही येत होतं. ‘राह्यले’ आणि ‘पायजे’ मात्र पुस्तकात कुठंच नव्हते. ‘नव्हतं’चं आपण ‘नोतं’ करतो, ‘म्हणतो’चं ‘म्हन्तो’ करतो, आणि आपल्याला ते कळतसुद्धा नाही. काकांनी दुकानदाराला ‘आवाज वाढवा’ म्हटलं असतं तर काय उपयोग झाला असता?

इंग्रजीत हेच होतं, फक्त जास्त प्रमाणात. त्यातला मोठा भाग आपल्याला आठवी-नववीच्या व्याकरणाच्या तासाला भेटून गेलेला आहे. त्याचं नाव संधी. सम् आणि तोष मिळून संतोष होतो तेव्हा त्या अनुस्वाराचा उच्चार ‘न्’ असतो. सम् आणि कल्प मिळून संकल्प होतो तेव्हा तोच अनुस्वार ‘ङ्’ होतो, कारण पुढे ‘क’ आहे आणि जीभ आधीच तिकडे निघालेली असते. आता इंग्रजीतला ‘टेन’ घ्या. ‘टेन पीपल’ भराभर म्हटलं की होतं ‘टेम्पीपल’. ‘टेन कप्स’चं होतं ‘टेङ्कप्स’. नियम तोच. जगभरातले भाषाशास्त्रज्ञसुद्धा या प्रकाराला संस्कृतातूनच उचललेला ‘संधी’ हा शब्द वापरतात. आपण संस्कृतातल्या संधी लिहितो, म्हणून डोळ्यांना दिसतात. इंग्रज लिहितात सुटं आणि बोलतात जोडून. त्यामुळे ज्यानं इंग्रजी आयुष्यभर डोळ्यांनी शिकली, त्याला त्या कधी दिसल्याच नाहीत.

काही नमुने माझ्या वर्गातल्या वह्यांतून देते. ‘नेक्स्ट डे’चं ‘नेक्स्डे’, मधला ‘ट’ गिळलेला. ‘लास्ट वीक’चं ‘लास्वीक’. ‘डिड यू’चं ‘डिजू’. ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’, तीन शब्दांचा एक लाडू. ‘ॲन अवर’ एका मुलीनं ऐकून ‘अनावर’ असं लिहिलं, आणि मला बाई, अडीच महिन्यांत कुणाच्या वहीतलं एवढं अचूक काही सापडलं नव्हतं. ‘कप ऑफ टी’ तर बहुतेकांना ‘कपटी’च ऐकू येतो. त्यावर पाच मिनिटं वर्ग हसला. हसू द्यावं. हसलेली गोष्ट विसरत नाही.

दुसरी भानगड आहे जोराची. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना साधारण सारखाच मान देतो. इंग्रजीत काही अक्षरं पुढच्या खुर्चीवर बसतात आणि बाकीची दारात चपला काढायच्या जागी उभी असतात. नाम, क्रियापद, विशेषण यांच्यावर जोर. ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘कॅन’ ही किरकोळ मंडळी. त्यांच्यातला स्वर इतका आखडतो की ‘अँड’चं नुसतं ‘न्’ उरतं, ‘फॉर’चं ‘फ’, ‘ऑफ’चं ‘अ’. या आखडलेल्या, अर्धवट ‘अ’ला श्वा म्हणतात. इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच, आणि इंग्रजी लिपीत त्याला स्वतःचं अक्षर नाही.

हे नुसतं कुतूहल नाही. नर्सिंग करणारी एक मुलगी माझ्याकडे येते. तिला सांगितलं, परदेशात वॉर्डात तुला कुणी म्हणेल ‘शी कॅन ईट’ किंवा ‘शी कान्ट ईट’. तू शेवटच्या ‘ट’ची वाट पाहशील, आणि तो ‘ट’ बऱ्याचदा ऐकूच येत नाही. फरक असतो आधीच्या स्वरात. होकारातला ‘कॅन’ आखडून ‘क्न’ होतो आणि सगळा जोर ‘ईट’वर पडतो. नकारातला स्वर मात्र पूर्ण, ठसठशीत राहतो. रुग्णाला खायला द्यायचं की उपाशी ठेवायचं, हे त्या एका स्वरावर. पाठ्यपुस्तकाच्या फितीत दोन्ही शब्द सारखेच स्वच्छ म्हटलेले असतात, त्यामुळे तिथे हा फरक शिकायची वेळच येत नाही.

या जोराचा एक फायदाही आहे, तो वर्गात सांगायलाच हवा. ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर या अभ्यासकांनी १९८७ साली दाखवलं की चालू इंग्रजी बोलण्यातले अर्थाचे शब्द दहात नऊ वेळा जोरदार अक्षरानं सुरू होतात. म्हणजे जिथे धक्का ऐकू आला तिथे बहुतेक नवा शब्द सुरू झाला असं धरून चालावं. शब्द कुठे तुटतो हेच कळत नाही, अशी तक्रार करणाऱ्याला एवढी काठी पुरते.

आता वेगाबद्दल. “किती फास्ट बोलून राहिला तो!” हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते. ब्रिटिश इंग्रजीच्या १९९० सालच्या एका मोजणीत गप्पांचा वेग मिनिटाला २१० शब्दांच्या आसपास भरला, रेडिओवर एकट्यानं बोलण्याचा १६० आणि परदेशी विद्यार्थ्यांपुढच्या व्याख्यानांचा १४०. म्हणजे फरक आहे, नाही असं नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओनं १९५९ साली मुद्दाम सोपी इंग्रजी सुरू केली तेव्हा दोन गोष्टी केल्या: शब्द दीड हजारांच्या आसपासच ठेवले आणि बोलणं सुमारे एक तृतीयांशानं हळू केलं. कित्येक देशांतल्या लोकांना त्याचा उपयोग झाला. नवशिक्याला मीही तशा बातम्या ऐकवते. पण माणूस मुद्दाम हळू बोलायला लागला की शब्द सुटे होतात, संधी विरघळते. विद्यार्थी सहा महिने त्यावर पोसला तरी पहिल्या खऱ्या फोनला पुन्हा काकांसारखा गप्प. त्यापेक्षा खरं बोलणं घ्यावं आणि मोबाइलवर वेग ०.७५ करावा. बोलणं मंदावतं, पण ‘टेम्पीपल’ हे ‘टेम्पीपल’च राहतं.

रिचर्ड कॉल्डवेल नावाच्या एका ब्रिटिश अभ्यासकानं बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत: हरितगृह, बाग आणि जंगल. सुटे, शब्दकोशातले उच्चार म्हणजे हरितगृहातल्या कुंड्या. नियमानं जोडलेलं, सभ्य बोलणं म्हणजे बाग. आणि माणसं माणसांशी बोलतात ते जंगल. नागपूरकरासाठी याहून सोयीची उपमा नाही. रोपवाटिकेत कुंड्या पाहिल्या, रविवारी तेलंगखेडीच्या बागेत फिरून आलो, आणि समजलो की आता पेंचमध्ये वाघ दिसला तर आपण ओळखू. इथे गंमत अशी की ‘खऱ्या’ साहित्यातही सगळं जंगल नसतं. नागपूर स्टेशनवर ‘ट्रेन नंबर वन टू वन झिरो सिक्स’ अशी विदर्भ एक्स्प्रेसची घोषणा होते, ती आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे जोडून केलेली असते. खरी आहे, पण कुंड्यांची रांग आहे. दूरदर्शनची इंग्रजी बातमी समोर लिहिलेलं वाचून दाखवलेली असते, ती बाग. सिनेमातला संवादसुद्धा लिहूनच आलेला. जामठ्याच्या मैदानावरचा सामना टीव्हीवर पाहताना समालोचक चेंडू पडल्यावर जे बोलतो ते खरं जंगल, कारण चेंडू कुठे जाणार हे त्यालाही माहीत नव्हतं.

म्हणून मी क्रिकेटवर फार अवलंबून असते. २०१९ च्या मार्चमध्ये जामठ्याला भारतानं ऑस्ट्रेलियाला ८ धावांनी हरवलं. शेवटचं षटक विजय शंकरनं टाकलं आणि भारताचा तो पाचशेवा एकदिवसीय विजय ठरला. हे माझ्या वर्गात निम्म्यांना तोंडपाठ आहे. काय घडलं हे आधीच ठाऊक असलं की डोकं मोकळं राहतं आणि कान नुसत्या आवाजावर काम करू शकतात. ज्याला सामना आठवतो त्याला समालोचनातला खाल्लेला शब्दही भरून काढता येतो. हीच युक्ती बातमीलाही लागू: आधी मराठी बातमी वाचा, मग तीच इंग्रजीत ऐका. यात फसवणूक कसली? आपण मराठीतसुद्धा निम्मं अंदाजानंच ऐकतो.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं म्हणून काही जण पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाचं पॉडकास्ट लावतात. खरं आहे, पण म्हणून कुणी नवशिक्याला अंबाझरी तलावात ढकलून देत नाही. इथे शिक्षकांमधला एक जुना मंत्र उपयोगी पडतो: ऐकायचं सोपं करू नका, विचारायचं सोपं करा. तीच स्टेशनवरची घोषणा. पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्याला फक्त फलाट क्रमांक विचारा. तिसऱ्या महिन्यातल्याला गाडी किती उशिरा आहे ते. सहाव्या महिन्यातल्याला घोषणेचं वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगा. ऐकणं तेच, भार वेगळा. माझी मे महिन्यातली मुलाखत वाईट नव्हती. त्यावर दहा प्रश्न लादले, हे वाईट होतं.

आणि प्रश्न विचारणं म्हणजे शिकवणं नव्हे. जॉन फील्ड या अभ्यासकानं वर्षानुवर्षं हेच मांडलं: ऐकण्याच्या तासाला आपण फीत लावतो, प्रश्न विचारतो, उत्तरं तपासतो आणि पुढच्या धड्यावर जातो. ही परीक्षा झाली. ज्याचं उत्तर चुकलं, त्याला ते का चुकलं हे कुणी सांगितलंच नाही. आपल्याकडे हे आणखी वाढलंय, कारण परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला येणाऱ्यांना तोच साचा हवा असतो: अर्धा तास, चाळीस प्रश्न, एकदाच ऐकायचं. परीक्षेत एकदाच ऐकायचं हे मान्य. सरावातही एकदाच ऐकायचं, हे कुणी सांगितलं?

आता मी काय करते ते एका तुकड्यावरून दाखवते. एका विद्यार्थ्याला त्याच्या पुण्यातल्या साहेबांचा व्हॉइस नोट आला. साहेबांची परवानगी घेऊन तो त्यानं वर्गात आणला. नऊ सेकंद. पहिल्यांदा ऐकवून फक्त एवढंच विचारलं: माणूस रागावलाय की घाईत आहे? सगळ्यांनी बरोबर सांगितलं, घाईत. शब्द न कळताही एवढं कळतं, हे विद्यार्थ्याला दिसणं फार गरजेचं असतं. त्यानं भीती मोडते.

दुसऱ्यांदा ऐकताना वह्या उघडल्या, आणि अट एकच: जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहायचं. इंग्रजीत नाही. इंग्रजी लिपीत लिहायला लागलं की मुलं स्पेलिंग आठवतात आणि कान बंद होतो. देवनागरीत मात्र आवाज जसा पडला तसा उतरतो. फळ्यावर जे जमलं ते असं होतं: ‘आवझगनकॉल्या, बडायगॉस्टकिना मीटिंग, सो क्यूजस्सेन्डिट बाय हापास्टू’. खाली मी मूळ वाक्य लिहिलं: ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू, बट आय गॉट स्टक इन अ मीटिंग, सो कॅन यू जस्ट सेंड इट बाय हाफ पास्ट टू’. मग एकेका जागी बोट ठेवत गेलो. ‘गोइंग टू’चं ‘गन’ कसं झालं. ‘बट आय’मधला ‘ट’ दोन स्वरांमध्ये सापडल्यावर ‘ड’सारखा का वाटला. ‘हाफ पास्ट टू’मधला ‘ट’ एकदाच का वाजला. नऊ सेकंदांवर पाऊण तास गेला. शेवटी डोळे मिटून पुन्हा ऐकलं, आणि मग प्रत्येकानं साहेबांच्या वेगानं ते वाक्य म्हणून पाहिलं. जे तोंडाला एकदा जमलं ते कानाला लवकर ओळखू येतं.

ही देवनागरीची वही मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. तिच्यात खोटही आहे. इंग्रजीतले दोन वेगवेगळे ‘व’ आपण एकाच अक्षरात कोंबतो, ‘ट’ तर आपला खास आहे. पण ही वही उच्चार शिकायला नाही, ऐकलेलं पकडायला आहे. तेवढ्यापुरती आपली लिपी इंग्रजीपेक्षा सरस आहे, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

सबटायटल्सचं थोडक्यात: शेवटी लावा. आधीपासून लावली की तो वाचनाचा तास होतो, आणि आपली मुलं वाचनात आधीच पुढे आहेत. मोबाइलनं आपोआप काढलेल्या सबटायटल्सवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, जंगलात तीही चुकतात.

कुणाची इंग्रजी ऐकवायची, यावर मात्र माझं ठाम मत आहे. पालक येतात आणि म्हणतात, मॅडम, ब्रिटिश ॲक्सेंट ऐकवा. ऐकवते. पण इथल्या मिहान उद्योग क्षेत्रात नोकरीला लागलेल्या मुलाचा टीम लीडर चेन्नईचा असतो, ग्राहक गुडगावचा आणि महिन्यातून एकदा कॉलवर येणारा अमेरिकन. त्याला तिघांचीही इंग्रजी कळायला हवी. चेन्नईच्या माणसाची इंग्रजी तेवढीच खरी आहे. म्हणून आठवड्यात एक दिवस भारतीय आवाज, एक दिवस बाहेरचे. पोरांना धक्का बसतो तो बहुतेकदा भारतीय आवाजांनी.

किती शब्द यायला हवेत, हा प्रश्न राहिलाच. साध्या बोलण्याचा मथितार्थ कळायला दोन ते तीन हजार शब्दकुटुंबं पुरतात, असं २०१२ साली झालेल्या एका अभ्यासातून दिसलं. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची पिलावळ. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. बारावी झालेल्या माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना तेवढे शब्द डोळ्यांनी ओळखता येतात. माल गोदामात पडून आहे, काउंटरवर येत नाही. म्हणून मी नवे शब्द शिकवण्याआधी येत असलेल्या शब्दांचे बोललेले चेहरे दाखवते.

ऑटो पार्ट्सवाला तो मुलगा अजून येतो. कूलरही अजून तसाच घरघरतो. गेल्या शनिवारी मी एका समालोचनाचा तुकडा लावला. तो पुढे झुकला, हात वर केला. मला वाटलं, आता पुन्हा आवाज वाढवायला सांगणार.

“मॅडम, चार सेकंद मागे घ्या ना. ‘बट’च्या पुढे काहीतरी खाल्लं त्यानं.”